बांबूकाम आणि ग्रामीण उपजीविका : भागीदारी करू इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील बांबू कारागिरांचे गट आणि त्यांच्याबरोबर काम करू पाहणाऱ्या संस्था, कंपन्या, महाविद्यालये व दुकानदार यांच्यामधला दुवा म्हणून आम्ही काम करतो. दूरध्वनीवर वर्षभर जे प्रश्न आम्हांला विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या मुद्द्यांवर घाई केल्याने भागीदाऱ्या मोडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

हे काम कोण करते आणि कुठे चालते?

अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, तसेच गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे आमच्या कामाचा मुख्य प्रदेश आहेत. बांबूकाम करणाऱ्यांत दोन प्रकारची कुटुंबे आहेत आणि हा फरक ध्यानात न घेता आखलेली योजना बहुधा फसते. बुरुड समाजाचा हा पिढीजात व्यवसाय आहे. सूप, टोपली, दुरडी, परडी, ताटवा, धान्याची कणगी हे सगळे त्यांच्या हातचे, आणि त्यावरच घर चालते. कोरकू, गोंड, माडिया या आदिवासी कुटुंबांत मात्र बांबूचे काम येत असले, तरी ते मुख्यतः स्वतःच्या वापरासाठी होते. कुंपण, झोपडीची भिंत, मासे धरण्याचे साधन किंवा कोंबड्यांचे खुराडे गरजेप्रमाणे घरीच केले जाई. बाजारासाठी वस्तू करण्याचे वळण त्यांच्यात अलीकडे आले. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राचा त्यात मोठा वाटा आहे. बुरुड कुटुंबाला वर्षभराचे काम लागते, तर कोरकू कुटुंबाला शेतीच्या मधल्या महिन्यांतले. दोघांसाठी एकच वेळापत्रक चालत नाही.

हस्तकलेमुळे गरिबी खरोखर कमी होते का?

एकट्या हस्तकलेमुळे होत नाही, असे स्पष्ट सांगणे आम्हांला योग्य वाटते. मेळघाटातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबाचे वर्ष पाहिले, तर खरिपाच्या कामांत पावसाळा जातो, दिवाळीच्या सुमारास हाती थोडे धान्य आणि थोडा पैसा येतो, आणि त्यानंतर गावात काम उरत नाही म्हणून माणसे मुलाबाळांसह मजुरीसाठी बाहेर पडतात. होळीला परत येतात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे. या मधल्या महिन्यांत गावातच पन्नास-साठ दिवसांचे काम मिळाले, तर घरातले एक माणूस तरी मागे राहू शकते आणि मुलांची शाळा सुटत नाही. हस्तकलेचे खरे योगदान एवढे आणि असे आहे. रेशनचे धान्य, रोजगार हमीची कामे, मोहफूल-तेंदूपानांची विक्री आणि थोडी शेती यांच्या जोडीला ती उभी राहते.

म्हणूनच ‘आपण किती लाभार्थींना प्रशिक्षण दिले’ या प्रश्नापेक्षा ‘गेल्या वर्षी एका कारागिराला किती दिवसांचे काम मिळाले आणि त्या दिवसाचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, किती पडला’ हा प्रश्न आम्हांला अधिक उपयोगी वाटतो. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे भिंतीवर लावलेली आणि कोयता गंजलेला, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

भागीदारी म्हणजे देणगी द्यायची, एवढेच का?

देणगी हा भागीदारीचा एक प्रकार आहे, आणि आमच्या अनुभवात तो सर्वांत महत्त्वाचा नाही. हत्यारे, सामायिक शेड, बांबूवर प्रक्रिया करण्याची टाकी, पहिल्या सहा महिन्यांचा प्रशिक्षकाचा पगार यांसाठी देणगी लागते, कारण हा खर्च वस्तूच्या किमतीतून भरून निघत नाही. परंतु गट एकदा उभा राहिल्यावर त्याला हवी असते ती वेळेवर मिळणारी, आगाऊ रकमेसह आलेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणारी मागणी. आपण एकच गोष्ट देऊ शकत असाल, तर ती मागणी द्या.

आगाऊ रक्कम एवढी महत्त्वाची का?

कारागिराजवळ खेळते भांडवल नसते. बांबू विकत आणायचा, तो वाळवायचा, वस्तू करायची, ती पाठवायची आणि मग साठ दिवसांनी बिल मिळण्याची वाट पाहायची, हे शहरातल्या पुरवठादाराला जमते. आठवड्याच्या बाजारातून तेल-मीठ आणणाऱ्या बाईला जमत नाही. ती मध्येच सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे जाते आणि मग वस्तूचा भाव व्यापारी ठरवतो. हस्तकलेच्या वस्तूंसाठी उत्पादकाने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असे जागतिक न्याय्य व्यापार संघटनेचे तत्त्व आहे. आम्ही तोच दंडक ठेवला आहे.

हा दंडक आम्ही ठोकर खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका खरेदीदाराने दिवाळीच्या भेटींसाठी आकाशकंदील आणि ट्रे यांची मोठी मागणी तोंडी नोंदवली. ओळखीचा माणूस, म्हणून आम्ही आगाऊ रकमेचा आग्रह धरला नाही. तीन गावांतील बायका भाद्रपदापासून कामाला बसल्या. दसऱ्याच्या दोन दिवस आधी ‘यंदा वरिष्ठांनी सुकामेवा द्यायचे ठरवले आहे’ असा निरोप आला. आकाशकंदील दिवाळीनंतर कोणी घेत नाही. पुढचा सबंध हिवाळा ते कंदील शेडच्या आढ्याला लटकत होते, आणि मजुरीचे पैसे आम्हांला दुसऱ्या कामासाठी राखलेल्या रकमेतून द्यावे लागले. तेव्हापासून अर्धी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय बांबू चिरायला घेतला जात नाही. हे वाचून कोणाला आम्ही अविश्वासू वाटलो तरी चालेल.

वस्तूची किंमत कशी ठरवली जाते?

कारागिरांसमोर बसून, घड्याळ लावून. नवीन वस्तूचे पहिले दहा नग वेगवेगळ्या हातांनी करून घेतले जातात. सर्वांत जलद हाताचा वेळ धरला, तर बाकीच्यांचा रोज पडत नाही. सर्वांत सावकाश हाताचा धरला, तर वस्तू विकली जात नाही. म्हणून मधला वेळ धरतो. उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचा ट्रे घेऊ. समजा, आठ तासांचा रोज ४०० रुपये ठरवला, म्हणजे तासाला ५० रुपये. चिरणे, कामट्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) काढणे, तासणे, विणणे आणि कड बांधणे यांना मिळून अडीच तास लागले, तर मजुरी १२५ रुपये. बांबू २० रुपये, प्रक्रिया आणि रंग १० रुपये. वाया जाणाऱ्या मालासाठी सुमारे दहा टक्के, म्हणजे १५ रुपये. येथवर १७० रुपये होतात. गटाचा हिशेब, शेडची वीज, हत्यारांची दुरुस्ती यांसाठी पंधरा टक्के म्हणजे २५ रुपये, बांधणी आणि तालुक्यापर्यंतची वाहतूक १५ रुपये. गावातून निघताना ट्रेची किंमत २१० रुपये झाली. शहरातील दुकान भाडे, पगार आणि न विकल्या जाणाऱ्या मालाचा धोका धरून साधारण दुप्पट भाव लावते, तेव्हा ग्राहकाला तो ४२० रुपयांना मिळतो.

या हिशेबात कारागिराच्या हाती विक्रीच्या किमतीचे सुमारे तीस टक्के पडतात. ऐकणाऱ्याला हे कमी वाटते, आणि ‘मधले दलाल काढून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. दुकानदार काढून टाकला, तरी दुकानाचे काम कोणाला तरी करावेच लागते आणि त्याचा खर्च नाहीसा होत नाही. तीस टक्के आहेत की चाळीस, यापेक्षा त्या अडीच तासांचे पूर्ण पैसे मिळाले की नाही, हे आधी पाहावे. विणण्याचा वेळ सगळे मोजतात. चिरण्याचा आणि तासण्याचा वेळ बहुतेक खरेदीदारांच्या हिशेबात येतच नाही, आणि खरे कष्ट तिथेच असतात.

मोठी मागणी दिली, तर किंमत कमी होईल का?

वाहतूक आणि बांधणीत थोडी होईल. मजुरीत होणार नाही, कारण हाताने शंभरावा ट्रे करायलाही पहिल्याइतकाच वेळ लागतो. यंत्राच्या मालाला लागू पडणारा सवलतीचा हिशेब येथे लावू नये, अशी विनंती आहे.

बांबू जंगलातून आणणे कायदेशीर आहे का?

हा प्रश्न विचारला जातो याचा आम्हांला आनंद होतो, कारण यामागे मोठा इतिहास आहे. बांबू हे शास्त्रदृष्ट्या गवत. तरी १९२७च्या भारतीय वन कायद्यात तो झाडांमध्ये गणला गेला, आणि त्यामुळे तो तोडायला व वाहून न्यायला परवाना लागू लागला. वन हक्क कायदा, २००६ने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न, ठरवले आणि त्यावर वनात राहणाऱ्या समुदायांचा हक्क मान्य केला. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला बराच झगडा करावा लागला. गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला होता. तरी बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला तो २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेल्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू शेतकऱ्याला मोकळेपणाने तोडता आणि विकता येतो.

आमच्या गटांचा बांबू तीन मार्गांनी येतो : सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभांकडून, शेतकऱ्यांकडून, आणि नोंदणीकृत बुरुड कारागिरांना वन विभागाकडून सवलतीच्या दराने मिळणाऱ्या हिरव्या बांबूतून. प्रत्येक मागणीबरोबर बांबू कुठून आला याची नोंद आपण मागू शकता. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. ग्रामसभेने लांब बांबू कागद गिरणीला विकला, तर पैसा एकदम येतो आणि वाटला जातो. तोच बांबू गावात चिरून वस्तू केल्या, तर पैसा हळूहळू आणि थोड्या घरांत येतो. दोहोंत काय निवडायचे, हा निर्णय ग्रामसभेचा आहे. बाहेरच्या संस्थेने त्यात हस्तकलेची वकिली करू नये, असे आम्हांला वाटते.

बांबूच्या वस्तूला भुंगा लागतो, अशी तक्रार ऐकली आहे. त्याचे काय?

तक्रार खरी आहे. टोपली फडताळात ठेवावी आणि दोन महिन्यांनी तिच्याखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडलेली दिसावी, हा अनुभव अनेकांना आला असेल. भुंग्याच्या अळीला बांबूतील पिष्टमय भाग हवा असतो. कोवळ्या आणि अवेळी तोडलेल्या बांबूत तो भरपूर असतो. म्हणून मानवेल जातीचा बांबू किमान तीन वर्षांचा झाल्यावर आणि पावसाळा संपल्यावर तोडावा लागतो. पक्का बांबू ओळखायला वयाचा दाखला लागत नाही. कोयत्याच्या पाठीने पेरावर टिचकी मारली की जाणता कारागीर आवाजावरून सांगतो, आणि शंका असेल तर पेराभोवतीचे कोवळे वेष्टण गळून गेले आहे की नाही ते पाहतो.

तोडल्यावर जुन्या पद्धतीने बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवत. आता आम्ही बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात कामट्या बुडवतो. हे द्रावण माणसाच्या दृष्टीने सौम्य समजले जाते, तरी ते पाण्यात विरघळणारे असल्याने अशा वस्तू सतत ओल्या ठेवू नयेत, आणि थेट अन्न ठेवायच्या वस्तूंसाठी आम्ही प्रक्रिया न केलेलाच बांबू वापरतो. प्रक्रियेनंतर कामट्या सावलीत वाळल्या पाहिजेत. घाईची मागणी आली की पहिला बळी या वाळवणीचा जातो आणि मग ट्रे पेटीत बुरशी धरतात. म्हणून आम्ही मागणीपासून पाठवणीपर्यंत किमान पंचेचाळीस दिवस मागतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात त्याहून अधिक. पावसाळ्यात ‘तातडीचे’ असे काही आमच्याकडे नसते.

नवे नमुने कोण तयार करते?

अनेकदा अभिकल्पाच्या (डिझाइनच्या) महाविद्यालयांतील विद्यार्थी येतात, आणि त्यांचे स्वागत आहे. मात्र पंधरा दिवसांत पंधरा नमुने करून निघून गेलेल्या पाहुण्याचा उपयोग थोडा होतो. जो विद्यार्थी पहिला आठवडा नुसता कामट्या काढायला बसतो, त्याच्या नमुन्यात पुढे अर्थ असतो. कामटीच्या सालीकडच्या बाजूला ताकद असते आणि आतला गर ठिसूळ असतो. संगणकावर काढलेली सुंदर गोलाई नेमकी गराच्या बाजूने वळवायला सांगितली, की ती तडकते. एका कारागीर बाईंनी असा नमुना हातात घेऊन फिरवला आणि ‘हे कागदावरच राहू द्या, बाबू’ एवढेच म्हटले. त्या विद्यार्थ्याने नंतर तोच नमुना सालीकडच्या कामटीतून पुन्हा केला आणि तो आजही विकला जातो.

नमुन्यावर हक्क कोणाचा, हे आधीच लिहून घ्यावे. आमच्या करारात नमुना देणारा आणि गट, दोघांची नावे असतात, आणि गटाला तो कोणासाठीही करता येतो. केवळ एका दुकानासाठी राखून ठेवायचा असेल, तर त्या दुकानाने दरवर्षी किमान किती नग घ्यायचे हे ठरवावे लागते.

भौगोलिक मानांकनाचा कारागिराला उपयोग होतो का?

भौगोलिक मानांकन म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण. त्याचा उपयोग होतो, पण आपोआप होत नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तसेच कर्नाटकातील चार जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मूळ उगमाचा उल्लेख केला नाही, तेव्हा येथे मोठा गदारोळ झाला. कंपनीने नंतर भारतीय प्रेरणा मान्य केली आणि वर्षाअखेर मानांकनधारक असलेल्या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. मानांकन असल्यामुळे दाद मागायला जागा राहिली, हे खरे. परंतु मानांकनाचे नाव वापरायचे, तर कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि गावपातळीवर ही नोंदणी करून देणारे कोणी नसते. कागदांच्या या कामासाठी एखादी संस्था वर्षभर माणूस देणार असेल, तर ती मोठी मदत ठरेल. छायाचित्रात मात्र ती दिसणार नाही.

कारागिरांचा गट कोणत्या स्वरूपाचा असावा?

सुरुवातीला दहा ते वीस जणींचा बचत गट पुरतो. बँकेत खाते असते, हिशेबाची सवय असते. मागणी वाढली, वस्तू व सेवा कराचे बिल द्यायची वेळ आली, की सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी (उत्पादकच जिचे सभासद व मालक असतात अशी कंपनी) यांचा विचार करावा. उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक सभासद आणि पाच संचालक लागतात. तिची नोंदणी सोपी झाली आहे, पण दरवर्षीची विवरणपत्रे, लेखापरीक्षण आणि सनदी लेखापालाची फी सुटत नाही. अनुदान मिळते म्हणून स्थापन केलेल्या आणि नंतर दंडाच्या नोटिसा येत राहिलेल्या कंपन्या आमच्या परिसरात आहेत. वर्षभराची विक्री हा खर्च पेलू शकेल तेव्हाच ते पाऊल टाकावे.

संस्थेशी करार करण्यापूर्वी कोणती कागदपत्रे पाहावीत?

नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८खाली (ना-नफा कंपनी म्हणून) असेल. १९६१च्या आयकर कायद्यातील १२अ (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या, किंवा १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातील त्यांच्या जागच्या, नोंदण्या चालू आहेत का ते पाहावे. व्यक्तिगत देणगीदारांनी ध्यानात ठेवावे, की ८०जीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ती मिळत नाही. कंपनीचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा असल्यास १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) नोंदणी लागते. परदेशातील मराठी मंडळांना विशेष सांगणे असे, की परदेशी स्रोताचा निधी परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. त्यामुळे ‘मुंबईच्या मोठ्या संस्थेला देतो, त्यांनी गावातल्या छोट्या संस्थेला द्यावे’ हा जुना मार्ग आता बंद आहे. मंडळांनी माल विकत घेणे हा अधिक सरळ रस्ता होय.

या सगळ्या कागदांनंतर एक अनौपचारिक चौकशी करावी : कारागिरांपैकी कोणत्याही दोघींना त्यांच्या वस्तूची विक्रीची किंमत ठाऊक आहे का, ते विचारावे.

आमच्या कंपनीने दिवाळीच्या भेटी गटाकडून घेतल्या, तर तो खर्च सामाजिक दायित्वात दाखवता येईल का?

तसे करू नये. भेटवस्तूंची खरेदी हा कंपनीचा नेहमीचा खर्च आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५खाली मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या खर्चास पात्र कामांच्या यादीत, पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास समाविष्ट आहे. त्यातून शेड, प्रक्रिया केंद्र, प्रशिक्षण ही कामे करता येतात. प्रकल्प एकाच आर्थिक वर्षात संपवण्याची सक्ती नाही, तो चालू प्रकल्प म्हणून पुढील तीन वर्षांपर्यंत नेता येतो. ही तरतूद असूनही बहुतेक प्रस्ताव जानेवारीत येतात आणि मार्चपर्यंत सर्व खर्च दाखवा म्हणतात. अशा प्रस्तावांना आम्ही नम्रपणे नकार देतो.

सरकारी योजनांचा लाभ कारागिरांना मिळतो का?

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया विणणारे येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. कुटुंबातील एकालाच नोंदणी करता येते. अशा वेळी अर्ज नवऱ्याच्या नावाने भरला जातो आणि प्रत्यक्ष विणणारी बाई बाहेर राहते, याकडे गटांनी लक्ष द्यावे. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचे ‘पहचान’ ओळखपत्र काढून घेतले, तर प्रदर्शनांत जागा मिळणे सोपे होते. महिला बचत गटांसाठी राज्यात ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती) अभियान आणि १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ ही दोन दारे आहेत.

प्रशिक्षण किती दिवसांचे असावे?

दहा दिवसांत टोपली विणता येते. कामटी एकसारख्या जाडीची काढायला दोन-तीन महिने जातात आणि विकण्याजोगी सफाई यायला साधारण एक वर्ष. पहिल्या महिन्यात बोटे कापतात. टिटॅनसच्या इंजेक्शनची आणि प्रथमोपचार पेटीची तरतूद अंदाजपत्रकात असावी. बायका पायाच्या अंगठ्यात कामटी धरून तासतात, त्यामुळे हातमोज्यांइतकाच विचार पायाचाही करावा लागतो.

लहान मुले हे काम करतात का?

मागणीच्या मालासाठी नाही. २०१६च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा चौदा वर्षांखालील मुलाला शाळेच्या वेळेनंतर घरच्या धोकारहित कामात मदत करू देतो. मूल आईजवळ बसून कामट्या मोजते, त्याला आम्ही हरकत घेत नाही. कोयता मात्र त्याच्या हाती दिला जात नाही.

आम्हांला कारागिरांची छायाचित्रे आणि त्यांच्या कहाण्या मिळतील का?

त्यांनी परवानगी दिली तर मिळतील, आणि मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा लागेल. दारिद्र्याचे वर्णन करून वस्तू विकू नये, ही गटांचीच मागणी आहे. ट्रे चांगला असेल तर घ्यावा, नसेल तर परत करावा.

संस्थेने केव्हा बाजूला व्हावे?

याचे उत्तर पहिल्याच करारात लिहिलेले असावे. आम्ही तीन खुणा धरतो. गटातील निदान दोघींना किमतीचा हिशेब मांडता आला पाहिजे, खरेदीदाराशी त्या स्वतः बोलल्या पाहिजेत, आणि एकाच खरेदीदारावर अर्ध्याहून अधिक विक्री अवलंबून नसली पाहिजे. तिसरी खूण सर्वांत उशिरा येते. राख्यांवर चालणाऱ्या गटांचे उदाहरण पाहा : बांबूच्या राखीला मागणी चांगली असते, पण श्रावण पौर्णिमेनंतर तिची किंमत शून्य. असा गट वर्षातून एकदाच श्वास घेतो. त्याला कंदील, ट्रे, कुंडीची आवरणे अशी जोड मिळेपर्यंत संस्थेने मागे उभे राहणे भाग आहे. दोन गटांतून आम्ही बाहेर पडलो आहोत. त्यांपैकी एका गटाने पुढच्याच वर्षी आमच्यापेक्षा चांगला भाव मिळवला, आणि दुसरा बंद पडला, कारण हिशेब ठेवणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि आम्ही तिच्या जागी दुसरी तयार केलेली नव्हती.

गटांना भेट द्यायची असेल तर कधी यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यावे, म्हणजे तोडणी, चिरणी आणि विणकाम सर्व पाहता येते. होळीच्या आठवड्यात काम बंद असते. येण्यापूर्वी पंधरा दिवस कळवावे, एका वेळी सहापेक्षा अधिक जण नसावेत, आणि ज्या दिवशी आपण याल त्या दिवशी गटाचे अर्धा दिवस काम थांबते, त्या अर्ध्या दिवसाचा रोज गटाच्या खात्यात भरावा. सोबत खाऊ किंवा जुने कपडे आणू नयेत. वस्तू विकत घ्यायच्या असतील तर त्यांचा दर शेडच्या दाराशी लावलेला असतो आणि तो पाहुण्यांसाठी बदलत नाही.